नियासिनामाइड : जीवनसत्त्व ब-३ चे त्वचेला होणारे फायदे, आणि मुलांच्या बाबतीत पालकांनी काय पाहावं



सहावी-सातवीच्या मुलींच्या तोंडी हल्ली एक शब्द अगदी सहज येतो. नियासिनामाइड. आपल्यापैकी बहुतेकांनी डी.एड.ला असताना तो जीवनसत्त्वांच्या तक्त्यात 'नियासिन' या नावाने पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर विसरूनही गेलो. आता तोच शब्द मोबाइलच्या जाहिरातीतून फिरून वर्गात परत आला आहे. "मॅडम, माझ्या ताईकडे त्याचं सिरम आहे." "ते लावलं की गोरं होतं ना?" आणि पालकसभा संपल्यावर सगळे गेले की एखादी आई थांबून हळूच विचारते, "मॅडम, हिच्यासाठी घेऊ का? पाचशे-सहाशेची बाटली आहे म्हणे."

पाचशे रुपये म्हणजे अनेक घरांत दोन दिवसांची मजुरी. म्हणून या प्रश्नाचं उत्तर "नको गं बाई" किंवा "घ्या की" एवढ्यावर सोडणं मला बरोबर वाटत नाही. हा पदार्थ खरा आहे, त्यावर खरा अभ्यास झालेला आहे, आणि त्याच्या नावावर विकलं जाणारं बरंचसं खरं नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ या.

तक्त्यातली ती एक ओळ

आपल्या तक्त्यात लिहिलेलं असतं : जीवनसत्त्व ब-३, नियासिन, अभावाने होणारा रोग पेलाग्रा. मुलं पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो, संपलं. पण या एका ओळीमागे जवळजवळ दोनशे वर्षांची गोष्ट आहे आणि ती सगळी त्वचेपासूनच सुरू होते.

१७३५ च्या सुमारास स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र आजार पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी, म्हणजे हात, पाय आणि मानेभोवती, कातडी लाल व्हायची, मग काळवंडायची, सालपटं निघायची. मानेवरचा पट्टा तर गळ्यात हार घातल्यासारखा दिसायचा. डॉक्टर आजही त्याला 'कासालचा हार' म्हणतात. पुढे इटलीत या रोगाला पेलाग्रा हे नाव पडलं. त्याचा अर्थच खरखरीत कातडी. कातडीनंतर जुलाब, मग भ्रम, आणि शेवटी मृत्यू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग एवढा पसरला, की लोक त्याला संसर्गजन्य समजायला लागले. १९१४ मध्ये तिथल्या सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना तपासासाठी पाठवलं. त्यांनी अनाथाश्रमात आणि वेड्यांच्या इस्पितळात जाऊन एक साधी गोष्ट पाहिली. रोग्यांना पेलाग्रा होत होता, पण त्यांच्यासोबत दिवसरात्र राहणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नव्हता. संसर्ग असता तर त्यांना सोडलं असतं का? फरक होता तो ताटात. रोगी मक्याची भाकरी, काकवी आणि चरबी यावर जगत होते. नोकरांना दूध, अंडी, मांस मिळत होतं.

लोकांना पटेना. तेव्हा १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी फक्त मक्यावर आधारलेला आहार दिला. बदल्यात शिक्षामाफीचं आश्वासन होतं. प्रयोग पूर्ण केलेल्या ११ जणांपैकी ६ जणांना काही महिन्यांत पेलाग्राची लक्षणं दिसली. (आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही, हे मोठ्या मुलांशी बोलायला चांगला विषय आहे.) तरीही टीका थांबली नाही. मग गोल्डबर्गरांनी स्वतःला, त्यांच्या पत्नीने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, रोग्यांच्या त्वचेची खरपुडी गोळीत भरून गिळली. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ मध्ये ते गेले. नेमका कोणता घटक कमी पडतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी तो शोधून काढला : निकोटिनिक आम्ल.

आता हे नाव ऐकल्यावर तंबाखू आठवतो, तसा तो तेव्हाच्या लोकांनाही आठवला. निकोटिनिक आम्ल आणि निकोटिन या अगदी वेगळ्या वस्तू आहेत, पण पाव-पिठात 'निकोटिनिक' मिसळलंय म्हटल्यावर कोण खाणार? म्हणून 'नियासिन' हे नाव तयार केलं गेलं. त्याच कुटुंबातला दुसरा भाऊ म्हणजे निकोटिनामाइड, अर्थात आपलं नियासिनामाइड. नियासिन मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर चेहरा लाल होऊन भणभणतो. नियासिनामाइडने सहसा तसं होत नाही. म्हणून त्वचेच्या क्रीममध्ये हाच भाऊ वापरतात.

ज्वारीची भाकरी आणि हैदराबादची प्रयोगशाळा

हा भाग खास आपल्यासाठी. पेलाग्रा हा मक्याचा रोग असं जग म्हणत होतं, पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्येही दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (पुढे तिचीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीतलं ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असल्यामुळे शरीरातलं नियासिनचं गणित बिघडत असावं. या मतावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली.

हे वाचून कोणी भाकरी सोडू नका! तेव्हाचे ते रोगी जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत होते. भाकरीसोबत डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध-ताक, अंडं असं काहीही असेल तर प्रश्न मिटतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नियासिन असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज ११ ते १६ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही जोडी आपल्या आज्यांनी काही उगाच जुळवलेली नाही. शिवाय प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही शरीर स्वतः नियासिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम.

मेक्सिकोतल्या लोकांची युक्ती तर सातवीच्या वर्गात सांगितली की मुलं जाम खूश होतात. हजारो वर्षं मका खाऊनही त्यांना पेलाग्रा फारसा झाला नाही, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. मक्यात नियासिन असतं, पण असं घट्ट बांधलेलं असतं की आपल्या पोटाला ते सोडवता येत नाही. चुना ती गाठ सोडवतो. युरोपीय लोकांनी मका आपल्याकडे नेला, चुना मात्र तिथेच राहिला.

मग त्वचेवर लावून काय होतं?

शरीरातल्या प्रत्येक पेशीला ऊर्जा तयार करायला 'एनएडी' नावाचा सहाय्यक रेणू लागतो, आणि तो ब-३ पासून बनतो. दुरुस्तीची कामंही त्याच्याच जोरावर चालतात. त्वचेच्या पेशी सतत नव्या होत असतात, वरून ऊन बसत असतं, म्हणून कमतरता झाली की ओरड आधी त्वचेकडून येते. हा झाला आतला भाग. बाहेरून लावलेलं नियासिनामाइड पाण्यात विरघळणारं आणि छोट्या रेणूचं असल्यामुळे बाह्यत्वचेत बऱ्यापैकी उतरतं.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा फायदा म्हणजे त्वचेची भिंत मजबूत होणं. बाह्यत्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मेलेल्या पेशी, मधला माल म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्यांत सिरॅमाइड नावाचे घटक महत्त्वाचे. हा माल झिजला की भिंतीतून पाणी बाहेर जातं, त्वचा कोरडी पडते, साबणाने चरचरते, थंडीत गालांना भेगा जातात. नियासिनामाइड त्वचेच्या पेशींना जास्त सिरॅमाइड बनवायला लावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्वचेतून उडून जाणारं पाणी कमी होतं. भांडी, धुणं, खडू आणि वारंवार सॅनिटायझर यांनी हात कोरडे पडलेल्या आपल्यासारख्यांना हा फायदा चटकन जाणवतो, आणि त्यासाठी महाग सिरम लागतं असं नाही. नियासिनामाइड असलेलं साधं मॉइश्चरायझरही चालतं.

दुसरा फायदा डागांचा. इथेच सगळा गोंधळ आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

त्वचेच्या रंगाचं काम कसं चालतं ते मुलांना सांगताना मी मुंबईचा डबेवाला घेते. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. हे स्वयंपाकघर. इथे मेलॅनिन तयार होतं आणि मेलॅनोसोम नावाच्या छोट्या डब्यांत भरलं जातं. एक मेलॅनोसाइट आजूबाजूच्या साधारण ३०-४० पेशींना हे डबे पोचवते. डबा पोचला की ती पेशी त्यातलं मेलॅनिन आपल्या केंद्रकाच्या वर छत्रीसारखं धरते, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी आतलं डीएनए खराब होऊ नये. नियासिनामाइड स्वयंपाकघर बंद करत नाही. ते डबेवाल्याला थोडं हळू चालायला लावतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हे डबे पोचण्याचं प्रमाण ३५ ते ६८ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. माणसांवर वापरल्यावर काही आठवड्यांनी काळे डाग फिके झाले.

नीट वाचा : डाग फिके झाले. पिंपल गेल्यावर राहिलेला काळा ठिपका, उन्हाने आलेला डाग, असे. वापर थांबवला की डबेवाला पुन्हा आपल्या वेगाने चालायला लागतो. माणसाचा मूळ रंग जन्मतः जो आहे तो आहे, तो यानं बदलत नाही. बाटलीवरच्या 'ब्राइटनिंग'चा अर्थ आपल्याकडे सरळ 'गोरं होणं' असा लावला जातो आणि दुकानदारही तो खोडून काढत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला वर्गात फार उपयोगी पडते. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत मेलॅनोसाइट पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो डब्यांच्या आकारात, संख्येत आणि आतल्या मालात. ज्याला मुलं 'काळ्या' म्हणून चिडवतात, त्याच्या प्रत्येक पेशीवर निसर्गाने मोठी छत्री धरलेली आहे. हे चित्र फळ्यावर काढून दाखवलं की चिडवणारा गप्प होईलच असं नाही. पण ज्याला चिडवलं जातं तो चित्र वहीत अगदी नीट काढून घेतो, हे मी पाहिलंय.

तिसरा फायदा तेलकटपणा आणि पिंपल. नियासिनामाइड सूज आणि लालसरपणा कमी करतं. १९९५ मध्ये एका चाचणीत ७६ रुग्णांपैकी काहींना ४ टक्के नियासिनामाइडची जेल आणि काहींना १ टक्का क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची जेल आठ आठवडे लावायला दिली. दोन्ही गटांत साधारण सारखाच फरक पडला. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रतिजैविक सारखं लावलं की जंतू त्याला सरावतात. नियासिनामाइडमध्ये ती भीती नाही. पण गाठीसारखे मोठे, दुखणारे पिंपल असतील, खड्डे पडत असतील, तर सिरमवर वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खड्डे पडल्यावर भरून काढणं फार अवघड असतं.

बारीक सुरकुत्यांवरही ५ टक्के क्रीमने १२ आठवड्यांत थोडा फरक दिसल्याचे अभ्यास आहेत. तो फरक थोडाच आहे, आणि सुरकुत्यांवरचे व डागांवरचे बरेच अभ्यास प्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीतल्याच शास्त्रज्ञांनी केलेले आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण वाचताना हे माहीत असावं.

राहिला कर्करोग. समाजमाध्यमांवर "ब-३ ने त्वचेचा कॅन्सर टळतो" असं फिरतं. त्यामागे ऑस्ट्रेलियातला २०१५ चा एक खरा अभ्यास आहे. आधी किमान दोनदा त्वचेचा (मेलॅनोमा सोडून इतर प्रकारचा) कर्करोग झालेल्या ३८६ जणांवर तो झाला. निम्म्यांना वर्षभर रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅमच्या निकोटिनामाइडच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळ्या थांबवल्यावर फायदाही थांबला. म्हणजे हा गोऱ्या त्वचेच्या, कडक उन्हाच्या देशातल्या, आधीच आजारी असलेल्या लोकांवरचा आणि पोटातून घेतलेल्या औषधाचा अभ्यास. आपल्या बाटलीशी त्याचा संबंध नाही, आणि आपल्या मनाने तशा गोळ्या घेऊ नयेत.

मोठ्यांनी वापरायचं असेल तर

दोन ते पाच टक्के पुरेसे. बाजारात १० टक्क्यांच्या बाटल्या जास्त खपतात, कारण आकडा मोठा दिसला की आपल्याला माल जास्त मिळाल्यासारखा वाटतो. पण चांगले परिणाम दाखवणारे बहुतेक अभ्यास ५ टक्के आणि त्याखालचेच आहेत. १० टक्क्यांनी काहींना चुरचुरतं, लाल होतं. आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर. तोंड धुतल्यावर, मॉइश्चरायझरच्या आधी. परिणाम पाहायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. आठ दिवसांत चेहरा उजळला असेल तर बाटलीत दुसरंच काहीतरी आहे असा संशय घ्या. (त्याबद्दल खाली.) 'क' जीवनसत्त्वासोबत लावू नये असं अनेक जण सांगतात. ती जुन्या काळच्या, तापवून केलेल्या प्रयोगांवरून आलेली समजूत आहे. नेहमीच्या वापरात दोन्ही चालतात.

आणि ऊन. दिवसा सनस्क्रीन लावणार नसाल तर डागांसाठी सिरम लावणं म्हणजे एकीकडे घागर भरायची आणि खाली भोक तसंच ठेवायचं.

मुलांना लावायचं का?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना गरज नाही. साधं, स्पष्ट उत्तर. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या त्वचेत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. थंडीत खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली, सौम्य साबण, आणि परिपाठ किंवा खेळाचा तास उन्हात असेल तर टोपी. टोपी पन्नास-साठ रुपयांना मिळते आणि एखादं वर्ष सहज टिकते. सातवी-आठवीत पिंपल सुरू झाले आणि मूल त्यामुळे खरंच दुःखी असेल, तर कमी टक्क्यांचं, वास नसलेलं उत्पादन डॉक्टरांना विचारून वापरायला हरकत नाही. ते दुःख हसण्यावारी नेऊ नये.

मला खरी काळजी नियासिनामाइडची वाटत नाहीच. ते बिचारं बरंच निरुपद्रवी आहे. काळजी वाटते ती त्याच फळीवर शेजारी ठेवलेल्या ट्यूबांची. सिरम महाग पडलं की घरातलं कोणीतरी मेडिकलमधून पन्नास-शंभरची 'स्किन क्रीम' आणतं. त्यातल्या काहींत मोमेटॅसोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी स्टिरॉइडं असतात. पहिल्या आठवड्यात चेहरा चकाकतो, सगळे विचारतात काय लावतेस. नंतर कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लव वाढते, पुरळ येतं, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरी ती मिळतात. ट्यूबवर शेवटी '-सोन' किंवा '-सॉल' असं नाव दिसलं किंवा लाल रेघ दिसली, तर ते प्रसाधन नसून औषध आहे असं समजा आणि विचारल्याशिवाय लावू नका.

दुसरी भीती पाऱ्याची. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेल्या, बाहेरून आलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो. तो मेलॅनिनचं स्वयंपाकघरच बंद पाडतो, म्हणून परिणाम झपाट्याने दिसतो, आणि त्वचेतून आत शिरून मूत्रपिंड खराब करतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा डॉक्टरांना त्यामागे अशीच क्रीम सापडली. चेहऱ्यावर लावलं आणि पायांना सूज आली, लघवीला फेस यायला लागला, असं कोणाच्या घरी झालं तर ते क्रीम सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. आपल्या देशात प्रसाधनात पारा मिसळायला बंदी आहे. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर नकळत राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही.

काळी मान आणि पांढरे चट्टे

सिरमच्या निमित्ताने या दोन गोष्टी लिहायच्याच होत्या, कारण त्या आपल्या रोजच्या वर्गातल्या आहेत.

काही मुलांची मान मागून काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसते. काखेतही तसंच असतं. आपण म्हणतो, "अरे आंघोळ करतोस की नाही?" आई वजरीने घासते, मूल रडतं, आणि आता त्यावर नियासिनामाइड चोळायचे सल्लेही फिरतात. हा मळ नाही. याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात, आणि वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये तो बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची खूण असतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवून साखर तपासायची असते. वजन आटोक्यात आलं, खाणं-खेळणं सुधारलं की मानही उजळते. कासालने शेतकऱ्यांच्या मानेवर जे पाहिलं ते वेगळं होतं, पण मान बघून पोटाबद्दल कळतं हे तेव्हाही खरं होतं. तेव्हा कृपा करून सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला मान धुवायला सांगू नका. पालकांना बाजूला घेऊन बोला.

दुसरं म्हणजे गालावरचे फिकट, कडा अस्पष्ट असलेले, किंचित खवले असलेले चट्टे. घरी म्हणतात जंत झालेत किंवा कॅल्शियम कमी पडलं. बहुतेक वेळा ती कोरड्या त्वचेची एक साधी तक्रार असते, उन्हाने आजूबाजूची त्वचा काळवंडली की जास्त उठून दिसते, आणि मॉइश्चरायझर व थोडा वेळ एवढ्याने जाते. चेहरा 'एकसारखा' करायला सिरम लावायची गरज नाही. मात्र शरीरावर कुठेही फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, केस गळाले असतील, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली की मूल पूर्ण बरं होतं. शाळेत आरोग्य पथक येईल तेव्हा दाखवू, असं म्हणून थांबू नका.

वर्गासाठी एक उपक्रम

पाचवी ते सातवीसाठी. मुलांना घरातून क्रीम, साबण, सिरम यांची रिकामी खोकी आणायला सांगा. (रिकामीच, नाहीतर मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग चकाकत बसतो.) घटकांची यादी शोधायची. ती इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते, भिंग द्या. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं, एक टक्क्याखालचे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने. पहिलं नाव बहुतेक खोक्यांवर पाण्याचंच निघतं, तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नियासिनामाइड हे नाव सुगंधाच्याही नंतर आलं असेल तर ते किती असेल, हे मुलांनाच सांगू द्या.

मग शतमानाची गणितं. ३० मिलीची बाटली, ५ टक्के, तर नियासिनामाइड साधारण दीड ग्रॅम. एका मिलीचे २० थेंब धरले तर बाटलीत ६०० थेंब. रोज सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब लावले तर बाटली ७५ दिवस पुरेल. किंमत ६०० रुपये असेल तर एका थेंबाला एक रुपया. शेवटी ६०० रुपयांत शेंगदाणे किती किलो येतात हे त्या आठवड्याच्या बाजारभावाने काढायला सांगा. भाव मुलांनी घरून विचारून आणायचा, आपण सांगायचा नाही. किलोला १२० मिलिग्रॅम नियासिन धरून पुढचा गुणाकार त्यांना करू द्या.